नाना पेठेतली मेस: काय चालत नाही ते सांगा, का ते कोणी विचारणार नाही

आधी कामाचं सांगते. नाना पेठ आणि गुरुवार पेठेच्या मधे एका बोळात जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर ही मेस आहे, बाहेर बोर्ड नाही, चपला दारात काढायच्या, आत पाच बाकडी आणि भिंतीला लागून एक लांब कट्टा. दोन वेळचे महिन्याला ३४०० रुपये, एका वेळचे १८००, डबा घरपोच पाहिजे असेल तर वर ३००. चपाती लागेल तेवढी, एक सुकी भाजी, एक रस्सा नाहीतर उसळ, वरण-भात, कोशिंबीर किंवा चटणी. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी दुपारी नॉनव्हेज, त्याचे पैसे वेगळे. नाव देत नाहीये कारण मेस चालवणाऱ्या काकूंनीच नको म्हटलंय, आहेत तेवढी माणसं त्यांना पुरे आहेत आणि नवीन जागा क्वचित निघते. तरी एवढं लांबलचक लिहितेय कारण पुण्यात मेस, पीजी, हॉस्टेल, कँटीन चालवणारे कितीतरी लोक आहेत आणि इथली पद्धत त्यांनी उचलावी असं मला मनापासून वाटतं.

जेवण चांगलं आहे. फार भारी वगैरे म्हणणार नाही पण रोज खाऊन कंटाळा येत नाही, आणि मेसच्या जेवणाला याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय द्यायचं. आमटी एक नंबर, चिंचगुळाची, गोडा मसाला घरीच केलेला. गुरुवारी शेंगोळी असतात त्या सोडून मी कुठं जात नाही. कोबी मात्र पाणचट होतो आणि भाज्यांना तेल जरा सढळ हाताने असतं. मटण आक्का करतात, त्या सोलापूरकडच्या, काळ्या मसाल्याचा रस्सा, तिखट झेपत नसेल त्यांनी आधी वाटीत थोडा घेऊन बघावा.

आता वहीबद्दल. नाव घालायला गेलात की काकू एक फुलस्केप वही काढतात. नाव, फोन नंबर, ॲडव्हान्स किती दिला, आणि त्याच्यापुढे पट्टीने आखलेले दोन रकाने. पहिल्यात काय चालत नाही, दुसऱ्यात कधी चालत नाही. एवढंच विचारतात. जात, धर्म, गाव, लग्न झालंय का, एकटी राहतेस का, घरी कोण कोण, काही नाही. मी विचारून ती पानं बघितलीत, नावं सोडून त्यातलं थोडं इथे लिहिते म्हणजे अंदाज येईल. एकीचं लिहिलंय कांदा लसूण बटाटा गाजर मुळा नाही, आलं नाही पण सुंठ चालेल, रात्रीचं दिवस मावळायच्या आत. एकाचं, मटण चिकन चालतं पण सोमवारी आणि अख्खा श्रावण नाही. एकाचं, हलाल असेल तरच नाहीतर व्हेज द्या. त्याच्या दोन ओळी खाली एका सरदारजींच्या पोराचं, हलाल नको. एकीचं दूध दही तूप ताक मध काहीच नाही. कोणाचं चातुर्मासात वांगं नाही. आणि मधेच एक, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, दवाखान्यात न्यावं लागतं.

ही शेवटची ओळ मला फार महत्त्वाची वाटते, कारण तीसुद्धा त्याच रकान्यात त्याच पेनाने लिहिलेली आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला कोणी म्हणत नाही की अरे थोडं खाऊन तर बघ, काही होत नाही, मनाचे खेळ असतात. पण एकादशीवालीला म्हणतात, जैन पोरीला म्हणतात, दारू न पिणाऱ्याला तर दर पार्टीला म्हणतात. आणि म्हणणारे स्वतःला ओपन माइंडेड समजतात, कारण त्यांना स्वतःला सगळं चालतं. मला सगळं चालतं ही चांगलीच गोष्ट आहे, मलाही जवळजवळ सगळं चालतं, पण त्यात दुसऱ्याचा विचार कुठं आला? ती आपल्या जिभेची सवय झाली. दुसऱ्याला जे चालत नाही ते आपल्याला कितीही विचित्र वाटलं तरी ते सांभाळायला आपण किती हातपाय हलवतो तिथून खरी गोष्ट सुरू होते, आणि ते हातपाय हलवणं या मेसमध्ये रोज दोन वेळा डोळ्यांनी दिसतं.

कसं ते सांगते. पुढच्या स्वयंपाकघरात व्हेज, मागे पत्र्याच्या शेडमध्ये नॉनव्हेज, शेगड्या वेगळ्या, घासायची जागासुद्धा वेगळी. डाव आणि पळ्यांच्या दांड्यांना दोरे गुंडाळलेत, पिवळा म्हणजे कांदा-लसूण न लागलेला, लाल म्हणजे मागच्या शेडचा, बिनदोऱ्याचा साधा. जैन भाजी सगळ्यात आधी, सकाळी, कढई घासून पुसून. बटाट्याच्या जागी कच्चं केळं, आणि आठम-चौदसला, म्हणजे अष्टमी-चतुर्दशीला, पालेभाजी हिरवी भाजी काहीच नको म्हणून मूग नाहीतर मटकी. तिथीचं कॅलेंडर ओट्यावर टांगलेलं आहे. चपात्यांना तूप लावायच्या आधी त्या दूध-तूप न खाणाऱ्या पोरीच्या पाच बाजूला काढतात. काकूंना सुरुवातीला हे कळेना, उपास नाही, जैन नाही, मग तूप का नको, पण त्यांनी विचारलं ते एवढंच की ताक नको तर सोलकढी चालेल का, ती नारळाची असते. पोरगी खूश झाली.

एक मुलगा आहे, त्याच्या रकान्यात लिहिलंय प्रसाद नको. घर आंबेडकरी बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली तेव्हा बावीस प्रतिज्ञा दिल्या, ब्रह्मा विष्णू महेश यांना देव मानणार नाही ही त्यातली अगदी पहिली, आणि हा मुलगा ते मनापासून पाळतो. काकूंकडे वर्षातून एकदा सत्यनारायण असतो. त्या दिवशी नैवेद्य दाखवायच्या आधी काकू वाटीभर शिरा त्याच्यासाठी बाजूला काढून झाकून ठेवतात. शिरा तोच, कढई तीच. कोणी म्हणेल काय एवढं, देवाला दाखवला काय नि न दाखवला काय, चव बदलते का. नाही बदलत. पण त्या मुलासाठी बदलतं आणि काकूंसाठीही बदलतं, दोघांनाही त्या नैवेद्याचा अर्थ माहीत आहे म्हणूनच ती वाटी आधी निघते.

काकू स्वतः माळकरी आहेत हे सांगायचं राहिलं. तुळशीची माळ, एकादशी, हरिपाठ, सगळं. मागच्या शेडमध्ये त्या पाऊल टाकत नाहीत, मटणाची चव आक्का बघतात. मी एकदा म्हटलं काकू तुम्हाला हे मटणाचं कसं चालतं, तर म्हणाल्या, "माझी माळ माझ्या गळ्यात आहे गं, ती तुमच्या गळ्यात कशाला घालू?" आणि परत चपाती लाटायला लागल्या.

रमजानात इथं एक दृश्य असतं ते बघायला तरी एकदा जायला हवं. २०२५ साली २ मार्चला रोजे सुरू झाले. संध्याकाळी पावणेसातच्या आसपास सूर्य मावळतो. ती सीए करणारी जैन पोरगी सहा-सव्वासहाला क्लासमधून धावत येते, घड्याळ बघत जेवते, मावळायच्या आत शेवटचा घास आणि पाणी. तिच्याच बाकड्यावर समोर इंजिनिअरिंगची दोन पोरं खजूर आणि पाण्याचा ग्लास पुढ्यात घेऊन गप्प बसलेली. हिचं ताट उचललं जातं आणि पलीकडे अजान होते आणि त्यांचं सुरू होतं. तोच सूर्य, एकीचं जेवण त्याच्यावर बंद होतं आणि दुसऱ्याचं उघडतं, आणि दोघांच्या वेळा सांभाळायच्या म्हणून आक्का चारपासून उभ्या. त्याच वर्षी ५ मार्चला राखेचा बुधवार होता, म्हणजे ख्रिश्चन लोकांचा उपासकाळ पण सुरू, त्यातल्या दर शुक्रवारी मांसाहार नाही. आता शुक्रवारी दुपारी मटण करून खाणार कोण, अर्ध्या लोकांचे रोजे, पंचहौद चर्चजवळच्या दोन आंटी शुक्रवार पाळणाऱ्या. काकूंनी त्या महिन्यात शुक्रवारचं मटण गुरुवारवर नेलं आणि फळ्यावर लिहून टाकलं. शेवटी ३० मार्चला पाडवा आणि ३१ ला ईद, रविवारी श्रीखंड-पुरी झाली आणि सोमवारी त्या पोरांच्या घरून शीरखुर्म्याचं पातेलं आलं. ज्यांना खायचा होता त्यांनी खाल्ला, काकूंचा सोमवार होता, त्यांनी दुसऱ्या दिवशीसाठी वाटी फ्रिजमध्ये ठेवली.

सगळं असं जुळतंच असं नाही. हलाल पाहिजे आणि हलाल नको हे दोन्ही एका पातेल्यात कसं बसणार? शिखांच्या रहत मर्यादेत, म्हणजे आचारसंहितेत, हलाल मांस वर्ज्य आहे आणि मुसलमानांना दुसरं चालत नाही, इथं मधला मार्गच नाही. काकू काय करतात, फळ्यावर सरळ लिहितात, आजचं मटण हलाल दुकानातलं. संपलं. सरदारजींचा पोरगा त्या दिवशी अंडाकरी घेतो, त्याच्यासाठी ती वेगळी होते, पैसे अंड्याचेच लावतात. कोणाला फसवायचं नाही आणि कोणाला उपाशी ठेवायचं नाही, बाकी वाद ज्याचा त्याने घरी घालावा. डुकराचं मटण आपल्या भांड्यात करत नाही हेही त्यांनी नागालँडच्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगितलंय, गोड बोलून टाळाटाळ केली नाही. पण त्याच पोरांची अखुनीची चटणी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, तिला परवानगी आहे, अडीचनंतर मागच्या शेडमध्ये, खिडक्या उघड्या ठेवून. एकाने वासाबद्दल कुरकुर केली तर आक्का म्हणाल्या, आपला सुका बोंबील भाजताना काय अत्तराचा वास येतो होय? कुरकुर बंद झाली.

आता एक प्रसंग, ज्याच्यामुळे माझा इथं पक्का विश्वास बसला. एक दिवस नवीन मदतनीस मुलीने बिनदोऱ्याचा डाव जैन डाळीत घातला. कोणी बघितलं नव्हतं, डाळ दिसायला तीच, वाढली असती तर आयुष्यात कोणाला कळलं नसतं. तिने काकूंना सांगितलं, काकूंनी बाहेर येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की आज त्या डाळीला कांद्याचा डाव लागलाय, ती तुम्हाला नाही देता येणार, अर्ध्या तासात मूग करते नाहीतर खाखरा आणि केळी आहेत. डाळ फेकली नाही, आमच्याकडे वळवली. मदतनीस मुलीला कोणी ओरडलं नाही, खरं बोलली म्हणून काकूंनी तिला जवळ घेतलं.

याच्या उलट मी जे बघितलंय ते पण लिहिते. आधी ज्या ऑफिसात होते तिथल्या एका ग्रुपने एका कलीगला, तोही जैन, मुद्दाम कांदा-लसूण वाटून घातलेली ग्रेव्ही खाऊ घातली, जैन आहे म्हणून सांगून, आणि त्याचं खाऊन झाल्यावर टाळ्या पिटून सांगितलं, बघ, काही झालं का तुला? सगळे हसले. तो उठून बाहेर गेला आणि नंतर कधीच आमच्यात जेवला नाही. ही सगळी माणसं शिकलेली, फिरलेली, पाच देशांचं जेवण चाखलेली. त्यांना वाटलं आपण त्याला अंधश्रद्धेतून सोडवलं. माझं आजही रक्त खवळतं. त्याचा विश्वास पटत नव्हता तर त्याच्याशी वाद घालायचा, तोंडावर, दिवसाढवळ्या. माणसाच्या ताटात खोटं वाढणं हा विश्वासघात आहे, मग तुमचे विचार कितीही पुढारलेले असोत.

आणि वाद इथंही होतात हं, नाहीतर वाटायचं सगळे एकमेकांना जपून बसतात. आधी का ते विचारत नाहीत एवढंच, मग ओळख झाली की माणसं आपणहून सांगतात. बटाट्यात काय पाप आहे हे त्या सीएवालीने मला नीट समजावलं, कंदमुळांना अनंतकाय म्हणतात, एका कंदात अनंत जीव, आणि उपटताना सगळं रोपच जातं. मी म्हटलं मला नाही पटत, ती म्हणाली नको पटू दे, आणि आम्ही दोघी आमटी-भात खात राहिलो. एक रिटायर्ड सर आहेत, कट्टर नास्तिक, त्यांचं आणि काकूंचं विठ्ठल आहे की नाही यावरचं भांडण ऐकायला लोक हात वाळेपर्यंत बसतात.

आता त्या प्रसंगाकडे येते ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. महापालिकेच्या दोन झाडूवाल्या मावशी सकाळची पाळी संपवून इथं जेवतात, महिन्याचे पैसे भरून, आमच्यासारख्याच. एक वयस्कर गृहस्थ पण यायचे, सोवळंओवळं पाळणारे. त्यांनी आधी सांगितलं माझं ताट-वाटी वेगळी ठेवा. काकू म्हणाल्या घरून आणा, खुंटीवर ठेवते, दुसऱ्या कोणाला देणार नाही. ठेवलं, कित्येक महिने ठेवलं. मग एक दिवस त्यांनी हळू आवाजात सांगितलं की त्या दोघींची ताटं-ग्लास वेगळे ठेवा, इतरांच्यात मिसळू नका. काकू नाही म्हणाल्या. त्यावर ते जे बोलले त्याला चटकन उत्तर देता येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितेय. ते म्हणाले, तुम्ही जैनांची कढई वेगळी ठेवता, मुसलमानांचं मटण वेगळं आणता, ह्यांचा धर्म सांभाळता त्यांचा धर्म सांभाळता, मग माझाही विश्वासच आहे, तो का नाही सांभाळत? काकूंनी चपातीचं पीठ लागलेले हात पुसले आणि म्हणाल्या, "त्यांनी स्वतःच्या पोटात काय जाईल ते सांगितलं. तुम्ही दुसऱ्याचं ताट कुठं ठेवायचं ते सांगताय. तुमचं ताट तुम्ही कुठंही ठेवा." मग वही काढली, उरलेल्या दिवसांचा हिशोब केला, पैसे मोजून त्यांच्या हातात दिले. गृहस्थ गेले ते परत आले नाहीत.

मला वाटतं बरेच लोक इथंच अडकतात. सगळ्यांच्या श्रद्धांचा मान ठेवायचा म्हणजे मग सगळंच मानायचं का, असा प्रश्न टाकून लोक एकतर सगळं सोडून देतात नाहीतर सगळ्याला मान डोलावतात. काकूंकडे याची रेघ सरळ आहे, पदार्थासाठी डाव वेगळा मिळेल, माणसासाठी ताट वेगळं मिळणार नाही. संविधानाच्या कलम १५ मध्ये हेच आहे, दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येणार नाही. काकूंनी ते वाचलंय का मला माहीत नाही, त्यांना वाचायची गरज पण पडली नाही.

आणि हे ज्या भागात घडतंय तो भाग बघा. इथून चालत जाण्याच्या अंतरावर, तेव्हाच्या गंज पेठेत, १८६८ साली जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना उघडा केला. आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या आणि ते गेल्यावर १८९१ मध्ये छापून आलेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात त्यांनी एक कुटुंब रंगवलंय, आईने बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून तो धर्म घ्यावा, बापाने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलाने सत्यधर्म स्वीकारावा, आणि सगळ्यांनी एका घरात, कोणी कोणाचा द्वेष न करता प्रेमाने राहावं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी, या पेठांमध्ये बसून एका माणसाने हे लिहिलं. दुसऱ्या बाजूला पंचहौद मिशनचं चर्च, तिथं १८९० साली मिशनऱ्यांनी दिलेला चहा घेतला म्हणून रानडे, टिळक, गोखले अशा मोठमोठ्या माणसांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कप चहावरून! दोन्ही गोष्टी याच गावच्या, आणि आपण कुठली पुढे न्यायची ते आपल्याच हातात आहे.

राहणीमानाबद्दल पण लिहायला हवं कारण फक्त देवाधर्माचाच प्रश्न नसतो. लग्न न करता एकत्र राहणारी एक जोडी इथून डबा नेते, दोन मुलं आहेत जी बरीच वर्षं एकमेकांबरोबर राहतात, एक घटस्फोट घेतलेली ताई, रात्रपाळी करून दुपारी उठणाऱ्या मुली. काकूंचा प्रश्न एकच, डबा एकत्र भरू का वेगवेगळा? ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमाबद्दल निकाल दिला, दोन सज्ञान माणसांचं संमतीचं नातं, समलिंगी असलं तरी, गुन्हा राहिलं नाही, पण कोर्ट काही घरमालकाच्या नाहीतर शेजारच्या काकूंच्या डोक्यात शिरू शकत नाही. त्या दोघा मुलांपैकी एकाने सांगितलं की पुण्यात पहिल्यांदा कोणीतरी आमचा डबा एकत्र भरला आणि पुढे काही विचारलं नाही.

प्यू रिसर्च या अमेरिकन संस्थेचा २०२१ मध्ये आलेला सर्व्हे आहे, भारतात जवळपास तीस हजार लोकांशी बोलून केलेला. त्यात ८४ टक्के लोक म्हणाले की खरा भारतीय व्हायचं तर सगळ्या धर्मांचा आदर करणं फार महत्त्वाचं आहे. त्याच सर्व्हेत ३६ टक्के हिंदू म्हणाले की शेजारी मुसलमान नको. हे वाचून मला धक्का वगैरे बसला नाही कारण माझ्या मैत्रिणीसाठी फ्लॅट शोधताना मी ते कानांनी ऐकलंय, फोनवर सगळं ठरतं, भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, मग विचारतात नाव काय, आणि नाव सांगितलं की अहो सॉरी तो फ्लॅट कालच गेला. हीच माणसं दिवाळीला सर्वधर्मसमभावाचे मेसेज पाठवतात आणि ते मेसेज पाठवताना ती खोटं बोलत नसतात, हे जास्त वाईट आहे. आदर मनात असतो. भाड्याने द्यायच्या फ्लॅटपर्यंत तो पोचत नाही.

आषाढीचं सांगितलं नाही तर काकू रागावतील. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची भवानी पेठेत उतरते, त्या मुक्कामाला मेस आमच्यासाठी बंद आणि वारकऱ्यांसाठी चालू. चपात्या लाटायला मेंबरच येतात, रोजेवाली पोरं पण, नास्तिक सर पण, ते भाजी चिरतात. काकू दरवेळी सांगतात की देहूहून निघाल्यावर तुकोबांच्या पालखीची पहिली आरती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी होते. २०२२ ला १० जुलैला आणि २०२३ ला २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती. कुर्बानी तीन दिवसांत कधीही करता येते, म्हणून पंढरपुरात आणि राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करता पुढे ढकलली. कोणी कायदा केला नव्हता. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्यांना साबुदाणा आणि वरीचे तांदूळ, आणि दोन दिवसांनी आक्कांनी मागच्या शेडमध्ये ईदचं मटण शिजवून दिलं.

आता तक्रारी. रात्री नऊनंतर चपात्या गार मिळतात. रविवारी संध्याकाळी बंद. पंखा एकच चालतो. गाडी लावायला जागाच नाही, सायकल आणा किंवा चालत या.

आणि एक मोठी तक्रार, जी मी काकूंना तोंडावर सांगितलीय म्हणून इथं लिहायला हरकत नाही. पाळीच्या चार दिवसांत मदतनीस मुलींना पुढच्या स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, कारण तिथं देव्हारा आहे. पगार कापत नाहीत, मागे काम देतात, पण येऊ देत नाहीत. मला हे पटत नाही. त्यांच्याच हिशोबाने बघितलं तर स्वतः त्या चार दिवस देवापासून लांब बसल्या तर तो त्यांचा प्रश्न, पण दुसरीने कुठं उभं राहायचं हे ठरवणं म्हणजे पुन्हा ताट वेगळं ठेवणंच झालं ना? हे मी बोलले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत, बदललंही नाही अजून. देव्हारा माजघरात हलवायचा का यावर काकांशी बोलणं चाललंय म्हणे. मी विचारत राहणार आहे.

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो देव्हाऱ्याचा, गार चपात्यांचा नाही. मेस किंवा पीजी चालवणाऱ्या कोणाला त्या वहीचं पान कसं आखलंय ते बघायचं असेल तर काकूंनी परवानगी दिलीय, नावं झाकून फोटो पाठवते. दोऱ्यांचे रंग पण लिहून देईन. लाल दोरा सुती घ्या, नायलॉनचा गरम कढईला चिकटतो.